पॉलिशरची घरघर

आश्विन लागला की देऊळगाव राजात दोन ठिकाणी एकदम गर्दी होते. एक बालाजी महाराजांच्या यात्रेत: दसऱ्याची पालखी, लाटांचा मंडप, प्रसादाच्या रांगा आणि त्यासाठी पुण्याहून, मुंबईहून, संभाजीनगराहून गावी आलेली लेकरंबाळं. दुसरी वॉशिंग सेंटरवर. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, तर खालचा रंग नीट दिसायला हवा ना! नेमका तोच काळ सोयाबीनच्या मळणीचा. शिवारात कुटार उडत असतं, जालना–चिखली रस्त्याच्या कडेला काळ्या मातीची धूळ उठत असते आणि सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावरून उतरून आलेल्या गाडीच्या तोंडावर किड्यांचा थर वाळलेला असतो. नुसतं पाणी मारून भागत नाही. मालक सांगतो, ‘रबिंग-पॉलिश करून टाका,’ आणि मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत गल्लीत एक आवाज भरून राहतो.

तो आवाज पॉलिशरचा. चांगल्या स्थितीतलं मशीनही मुकं नसतं. गोल फिरणाऱ्या साध्या पॉलिशरचा ध्वनिदाब कामगाराच्या कानाशी साधारण ८५ डेसिबलच्या आसपास असतो, त्यामुळे शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. त्यात भर पडली की मात्र ओळखू येतं. एकसुरी सूं... च्या जागी घरघर येते, मध्येच कट्-कट् असं दात वाजल्यासारखं होतं, वेग कमी करताना किंकाळी फुटते. पोरगं मशीन थांबवतं, उलटं करून बघतं, एक थाप मारतं आणि पुन्हा चालू करतं. कुणी म्हणालंच की बाप्पा, लई आवाज करू राह्यली मशीन, तर उत्तर ठरलेलं: ‘चालू तं आहे ना, मंग खोलता कायले?’

या लेखाचं भांडण या एका वाक्याशी आहे. पॉलिशर आवाज करू लागतो तेव्हा तो बहुतेक वेळा एका बेअरिंगच्या, दोन कार्बनच्या किंवा चमचाभर ग्रीसच्या किमतीत बरा होण्यासारखा असतो. पुढे तो गप्प होतो तेव्हा आर्मेचर जळालेलं असतं, फील्ड काळी पडलेली असते, गिअरचे दात गेलेले असतात आणि खर्च शेकड्यातून हजारांत गेलेला असतो. म्हणजे दुरुस्तीची खरी वेळ मशीन चालू असतानाचीच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे कुणाला पटणार नाही, हेही तितकंच खरं.

मशीनच्या पोटात काय आहे ते आधी पाहू. १८९५ साली जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरायचं विजेचं ड्रिल केलं. पॉलिशर त्याच घराण्यातला, फक्त मान काटकोनात वळवलेला. मागच्या भागात युनिव्हर्सल मोटर असते, म्हणजे कार्बन आणि कम्युटेटर असलेली, आकाराने लहान पण भलत्या वेगाने फिरणारी. मिक्सरमध्ये हीच मोटर असते. मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३ च्या सुमारास सुमीत मिक्सर बाजारात आणला तो खोबरं-मसाल्याच्या कोरड्या वाटणापुढे परदेशी मिक्सरची मोटर टिकेना म्हणून. वाटण घट्ट झालं की मोटरचा सूर खाली येतो आणि जळकट वास सुटतो, हे प्रत्येक मराठी स्वयंपाकघराला ठाऊक आहे. वॉशिंग सेंटरवर पोरगं पॅड जोरात दाबतं तेव्हा त्याच जातीची मोटर त्याच कारणाने कण्हत असते. घरात आई लगेच बटण बंद करते, इथे पोरगं अजून जोर लावतं.

मोटरचं आर्मेचर मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेऱ्यांच्या घरात फिरतं. रंगाला एवढा वेग सोसत नाही, म्हणून पुढच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डोक्यात गिअर असतात आणि ते एका किंवा दोन टप्प्यांत वेग उतरवून पॅडपर्यंत साधारण ६०० ते ३,००० फेऱ्या पोचवतात. आर्मेचरच्या दोन्ही टोकांना एकेक बेअरिंग, पुढच्या स्पिंडलला एक-दोन. मध्ये पंखा, मागे दोन कार्बन, हँडलात वेग कमी-जास्त करणारं सर्किट. आवाज काढायला जागा एवढ्याच. म्हणून शोध घेणं वाटतं तितकं अवघड नाही, क्रम तेवढा चुकू नये.

पहिली तपासणी फुकट आहे. पॅड काढा, मागची बॅकिंग प्लेटही काढा आणि मशीन नुसतं फिरवा. आवाज गेला तर दोष मशीनचा नाहीच, पॅडचा आहे. हे अनेकदा घडतं आणि अनेकदा या एका कारणासाठी मशीन विनाकारण उघडलं जातं. कडेला वाळलेलं कंपाऊंड दहाच ग्रॅम असेल, पण ते मधल्या बिंदूपासून आठ सेंटिमीटरवर चिकटलेलं असेल तर १,५०० फेऱ्यांना ते स्पिंडलला सुमारे दोन किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढतं. वेग दुप्पट केला की हा ओढा चौपट होतो, म्हणजे ३,००० फेऱ्यांना आठ किलो, सेकंदाला पन्नास वेळा. हा मार बेअरिंग खातं. लोकरी पॅड ब्रशने विंचरून मोकळं करणं, फोम पॅड धुऊन पूर्ण वाळवणं, वेल्क्रो वितळून सरकलं असेल तर प्लेट बदलणं आणि पॅड डोळ्यांनी मधोमध बसवणं ही सगळी आवाजाचीच दुरुस्ती आहे. ओलं पॅड तर घालूच नये, त्यातलं पाणी फिरताना एका बाजूला जमतं.

दुसरी तपासणी कानाची. पॅडशिवाय मशीन पूर्ण वेगाने चालवा आणि बटण सोडून द्या. वीज तुटताक्षणी आवाज गेला तर तो विजेच्या अंगाचा होता. फिरणं मंदावत जाताना घरघर तशीच राहिली आणि वेगाबरोबर सूर उतरत गेला तर दोष बेअरिंगचा किंवा गिअरचा. पंख्याचा वाऱ्यासारखा आवाज दोन्ही वेळा राहणारच, तो वजा करायला कान दोन दिवसांत शिकतो. खालच्या वेगावर १०० हर्ट्‌झची जाड गुणगुण ऐकू येते ती बहुधा सर्किटची. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेला वेग उतरवण्यासाठी ते प्रत्येक अर्ध्या लहरीत कापत असतं. तेवढी गुणगुण हा आजार नव्हे. मशीन मात्र आपोआप वर-खाली हेलकावे देऊ लागलं तर आर्मेचरच्या टोकावरचं वेग मोजणारं चुंबक किंवा त्याची कॉइल बघायची. ते चुंबकाचं कडं निखळलं तर काही मशीनं थेट पूर्ण वेगाने सुटतात आणि एखाद्या बोलेरोच्या कडेचा रंग त्याच झटक्यात जातो.

तिसरी तपासणी हाताची, आणि त्यासाठी प्लग काढलेला असलाच पाहिजे. स्पिंडल बोटांनी हळू फिरवा. वाळू चावल्यासारखं खरखरीत लागलं तर बेअरिंग. प्रत्येक फेरीत एकाच जागी अडकलं तर गिअरचा तुटका दात. स्पिंडल धरून इकडेतिकडे हलवल्यावर टक्-टक् खेळ लागला तर पुढचं बेअरिंग किंवा त्याची बैठक. जुने मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या डोक्यावर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावतात आणि चालू मशीनची नाडी बघतात. टोक गिअरकडून मोटरकडे सरकवत नेलं की आवाज कुठे वाढतो ते कळतं. फक्त हवेच्या भोकांपासून टोक लांब ठेवायचं.

यातून बहुतेक वेळा बोट बेअरिंगवरच येतं. म्हणून तिथे जरा थांबायला हवं.

पॉलिशरमधलं सर्वांत ओळखीचं बेअरिंग ६०८. आत ८ मिलिमीटर, बाहेर २२, जाडी ७. ६०००, ६००१, ६२०१ ही पुढची भावंडं. चार आकड्यांच्या नंबरात शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७ आणि ०४ पासून पुढे पाचाने गुणायचं. एवढं पाठ असेल तर घासून अर्धा गेलेला नंबरही वाचता येतो. खरी फसगत नंबरानंतरच्या अक्षरांत होते. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, ‘टू आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना टेकणारं रबरी सील. दुकानात हमखास सल्ला मिळतो की रबराचं घ्या, धूळ जात नाही. धूळ जात नाही हे बरोबर. पण नामांकित कंपनीच्या कोष्टकात ६०८ आकाराला टेकणाऱ्या रबरी सीलची वेगमर्यादा मिनिटाला २२ हजार फेऱ्यांची आहे आणि पत्र्याच्या झाकणाची ३८ हजारांची. आर्मेचर त्या २२ हजारांच्या वर फिरतं. टेकलेलं रबर घासून तापतं, आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं आणि नवं बेअरिंग महिन्याभरात पुन्हा गाऊ लागतं. मग बोल कंपनीला लागतो. आर्मेचरला पत्र्याचं झाकण किंवा न टेकणारं सील असलेलं बेअरिंग हवं आणि हळू फिरणाऱ्या स्पिंडलला, जिथे पाणी-कंपाऊंड उडतं, तिथे रबराचं. मूळ बेअरिंगवर जी अक्षरं होती तीच मागावीत हे सगळ्यांत सोपं. ‘सी-थ्री’ लिहिलं असेल तर तेही सोडू नये. आत थोडी जास्त ढील ठेवलेली असते, तापल्यावर फुगायला.

बेअरिंग देऊळगाव राजात मिळतं, आणि इथे नाही तर सुमारे ३० किलोमीटरवर जालना आहे. सळया करणाऱ्या रोलिंग मिलच्या गावाला बेअरिंगचं नवल नाही. भीती नकलेची. डबा हुबेहूब, छपाई जवळजवळ तीच, आतली गोळी मात्र हलकी. बेअरिंग हातात धरून बाहेरचं कडं फिरवलं आणि ते कोरडं खळखळत बराच वेळ फिरत राहिलं तर अनेकांना आनंद होतो. खरं तर ग्रीस भरलेलं चांगलं बेअरिंग मऊ फिरून लवकर थांबतं.

बेअरिंगच्या इतिहासात एक प्रसंग आहे तो आपल्या विषयाचाच. स्वीडनमध्ये योतेबोर्य शहरात एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा देखभाल बघणारा इंजिनियर होता. गिरणीची जमीन चिकणमातीची, खचायची. छतालगतचे लांब शाफ्ट त्यामुळे रेषेतून हलायचे आणि बेअरिंगं सारखी जायची. बदलून बदलून वैतागलेल्या या माणसाने १९०७ साली शाफ्ट थोडा वाकडा झाला तरी स्वतःला जुळवून घेणारं बेअरिंग तयार केलं आणि त्याच वर्षी एसकेएफ कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना पुढे आपल्या चिंचवडलाही आला. काळ्या मातीच्या मुलखात, जिथे दर उन्हाळ्यात भिंतीला भेगा पडतात, तिथल्या वाचकाला विंगक्विस्टची अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

बसवण्याची रीत अशी: आर्मेचरच्या शाफ्टवर बेअरिंग चढवताना जोर आतल्या कड्यावर द्यायचा. त्यासाठी बरोबर मापाचा नळीचा तुकडा पुरतो. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली की जोर गोळ्यांमधून जातो, त्यांच्या फिरण्याच्या वाटेवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या मिनिटापासून आवाज करतं. काढताना पुलर वापरावा. आणि घरघर बेअरिंग बदलूनही राहिली तर बेअरिंग बसतं ती प्लास्टिकची खाच बघावी. कडं खाचेत फिरून फिरून ती मोठी झालेली असते. काही मशीनांत तिथे रबरी टोपी असते, ती बदलता येते. नसेल तर पत्र्याची पट्टी गुंडाळून, चिकटवून काम भागवतात. चालतं, पण ते भागवणंच. आर्मेचर जरासं तिरपं झालं तर ते फील्डला, म्हणजे भोवतीच्या स्थिर भागाला, घासतं आणि तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही.

आता कार्बन. कार्बन म्हणजे मागच्या दोन टोप्यांखालचे दोन ठोकळे, स्प्रिंगने कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, दाबलेले. ते झिजण्यासाठीच असतात. पाच-सहा मिलिमीटरवर आले की बदलायचे, आणि दोन्ही एकदम. अनेकांवर झीज-मर्यादेची रेघ कोरलेली असते. झिजलेला कार्बन नीट टेकत नाही, उड्या मारतो, त्याचा चरचर आवाज येतो आणि मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसतात. एखादी बारीक ठिणगी चालते. कम्युटेटरभोवती आगीचं अखंड कडं दिसलं तर मात्र तिथल्या तिथे बंद. नवा कार्बन घातल्यावर पॅड न लावता कमी वेगावर दहा-पंधरा मिनिटं चालवला की तोंड गोलाईला बसतं. तेवढा धीर बहुतेकांना नसतो. कार्बन मापाला मोठा निघाला तर कानशीने घासून बसवण्याची आपल्याकडे सवय आहे. माप जमतंही, पण कार्बनची जात जमत नाही. कठीण जातीचा कार्बन कम्युटेटरच खातो, मग तांब्यावर खाच पडते आणि पुढचा प्रत्येक कार्बन तिथे वाजतो. कम्युटेटर काळा पडला तर बारीक काचपेपरचा हलका हात द्यावा. एमरी नको, तिचे कण पट्ट्यांच्या फटींत अडकतात.

कार्बनचा काळा भुगा आणि बाहेरची धूळ आत एकत्र येतात तिथे गावाचं हवामान मशीनमध्ये शिरतं. पंखा हवा मागून ओढतो आणि पुढून सोडतो. आश्विनात त्या हवेत कुटाराची बारीक कुसं असतात, नंतर कापसाची तुसं, बारा महिने काळ्या मातीचं पीठ आणि वर लोकरी पॅडचे तंतू. ही लोकर बेअरिंगपाशी गुंडाळली जाते, जाळीवर थर धरते, हवा कोंडते आणि मोटर तापते. उपाय सोपा आणि हाताशी आहे, कारण वॉशिंग सेंटरवर कंप्रेसर असतोच. दिवस संपला की मशीन पॅडशिवाय चालू ठेवून मागच्या जाळीतून हलक्या दाबाने हवा मारायची, डोळ्याला चष्मा लावून. पूर्ण दाबाने नळी भोकाला चिकटवली तर धूळ बाहेर येण्याऐवजी बेअरिंगच्या झाकणाआड जाते. रात्री मशीन पोत्यावर किंवा जमिनीवर न टाकता खुंटीला टांगलं तरी पुष्कळ फरक पडतो.

गिअरबद्दल थोडक्यात. ग्रीस कमी झालं की उंच किंकाळी येते आणि डोकं हात न ठेववेल इतकं तापतं. पण ग्रीस ठासून भरणं हा त्याहून वाईट प्रकार. डोक्यातली मोकळी जागा एक तृतीयांश ते अर्धी भरली की पुरे. जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं, सील ओलांडून मोटरकडे जातं, कार्बनवर बसतं. ट्रॅक्टरच्या निपलला मारायचं ग्रीस डब्यात समोरच असतं म्हणून तेच घालू नये. बंद गिअरसाठीचं, चांगलं चिकटणारं ग्रीस घ्यावं आणि जुनं आधी डिझेलने नव्हे तर कापडाने पुसून काढावं. डिझेलचा अंश राहिला की नवं ग्रीस पातळ होतं. दात गेला असेल तर दोन्ही गिअर जोडीने बदलायचे. एकच नवा घातला तर तो जुन्याच्या झिजेवर चालतो आणि आवाज आधीपेक्षा वाढतो.

अलीकडे शहरातल्या डिटेलिंगच्या दुकानांतून ड्युअल अ‍ॅक्शन मशीन गावाकडेही येऊ लागलं आहे. सिरॅमिक कोटिंगच्या जाहिराती आल्या की त्यामागून ते येतंच. या मशीनची तक्रार सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत चुकीची असते. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि केंद्र सोडून लहान वर्तुळातही फिरतं, १५ किंवा २१ मिलिमीटरच्या. हा असमतोल पेलायला आत एक प्रतिवजन असतं आणि ते ठरावीक मापाच्या प्लेट-पॅडसाठी तोललेलं असतं. पाच इंची प्लेटच्या मशीनवर सहा इंची प्लेट चढवली की हादरा आणि खडखड सुरू, मग कितीही बेअरिंगं बदला. शिवाय हे मशीन हवेत धरून चालवलं तर ते खडखडणारच. गाडीवर टेकवल्यावर शांत होत असेल तर ते ठणठणीत आहे. पॅड टेकवून मगच बटण दाबायचं ही त्याची रीत. वेग उतरताना किंचाळत असेल तर प्लेट आणि रबरी कॉलर घासतेय का बघा. कंपनीने दिलेली पातळ वॉशर कुणीतरी काढताना हरवलेली असते.

एक आवाज मात्र दुरुस्त करू नये, बंद करावा. तो चार इंची ग्राइंडरला पॉलिशचं पॅड लावल्याचा. खर्च वाचतो म्हणून हे सर्रास चालतं. ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेऱ्या मारतो. पाच इंची पॅडची कड त्या वेगाला ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर पळते. पॉलिशरवर १,२०० फेऱ्यांना सात इंची पॅडची कड ताशी चाळीसच्या आसपास असते. तो वेग सोसण्यासाठी पॅड केलेलंच नाही. ते फाटतं, उडतं, किंवा न उडता रंग जाळतं. गाडीचा वरचा पारदर्शक थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षा पातळ. नीट केलेलं पॉलिश त्यातले एक ते तीन मायक्रॉन नेतं. बॉनेटच्या कडेवर ग्राइंडर दोन सेकंद रेंगाळला की सगळा थर गेला. हादरणारं मशीनही त्याच जातीचं नुकसान करतं, फक्त हळू: रंगावर उन्हात दिसणारी गोलगोल जाळी उमटते आणि गिऱ्हाईक दसऱ्याच्या सकाळी ती बोटाने दाखवतं.

दुरुस्ती करणार कोण? इथे देऊळगाव राजाची बाजू भक्कम आहे, आणि ती वाहनांमुळे नाही, विहिरींमुळे. शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बीजोत्पादन, खडकपूर्णेच्या पाण्यावरची आणि विहिरी-बोअरवरची शेती, या सगळ्याला मोटारी लागतात आणि मोटारी जळतात. म्हणून या भागात वाइंडिंगची दुकानं असतात आणि तिथल्या हातांना तांबं, वार्निश, बेअरिंग, पुलर यांची सवय असते. सिरीजचा बल्ब तिथे भिंतीवरच असतो. संशयित मशीन आधी त्यातून लावलं की शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि मशीन वाचतं. आर्मेचर तपासायचा ग्राउलर कुठे असतो, कुठे नसतो. त्यावर आर्मेचर ठेवून हॅकसॉचं पातं फिरवलं की शॉर्ट झालेल्या खोबणीवर पातं थरथरतं. पाणबुडी मोटर भरणारा माणूस पॉलिशरला घाबरत नाही. त्याची खरी अडचण सुट्या भागांची. आर्मेचर रिवाइंड करता येतं, पण एवढ्या वेगाला ते तोललेलं हवं. वार्निशचा एक थेंब एका बाजूला जास्त झाला की घरघर पुन्हा हजर. त्यामुळे पॉलिशरचं आर्मेचर जळालं तर माझं मत नवं घालण्याचं आहे, भरून घेण्याचं नाही.

आणि म्हणून मशीन घेतानाच एक चौकशी करावी: याचा कार्बन, बेअरिंग आणि आर्मेचर जालन्यात कोण ठेवतं? उत्तर नसेल तर निम्म्या किमतीचं मशीनही महाग आहे. बोश, मकिता अशा कंपन्या आपल्या मशीनचे भाग सुटे करून दाखवणारे नकाशे प्रसिद्ध करतात, प्रत्येक तुकड्याला नंबर देऊन. तो कागद छापून दुकानात लावला की फोनवरून भाग मागवता येतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची यंत्रं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं आहेत. गाडी त्यात आली, गाडी चमकवणारं हत्यार कुठे बसतं ते ज्याचं त्यानं शोधावं.

विजेचं एक सांगून टाकतो. १,२०० वॉटचा पॉलिशर २३० व्होल्टला सव्वापाच अँपिअर ओढतो. दाब उतरला की या मोटरचा जोर कमी होतो, पोरगं मशीन अंगावर घेतं, पंखा हळू आणि तांबं गरम अशी अवस्था होते. बारीक तारेचं, जागोजागी टेप लावलेलं एक्स्टेन्शन यात भर घालतं. त्याच अंगणात प्रेशरचं पाणी वाहत असतं. ३० मिलिअँपिअरचं गळती ओळखणारं ब्रेकर नसेल तर आवाजाची चिंता दुय्यम आहे.

राहिले कान. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि व्यापारी भागात ६५ ही मर्यादा आहे. शेजाऱ्याचं भांडण तिथून सुरू होतं. मशीन धरणाऱ्याचा हिशोब वेगळा. आपल्या कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला ८ तास चालतात. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संशोधन संस्था याहून कडक आहे: ८५ ला ८ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. बेअरिंग गेलेला पॉलिशर ९१ वर गेला तर दोनच तास उरतात, आणि नवरात्रात दोन तासांत कुणी हात धुऊन घरी जात नाही. सततच्या आवाजाने श्रवण आधी जातं ते ४,००० हर्ट्‌झच्या आसपास. बिघडू लागलेल्या बेअरिंगची आणि कोरड्या गिअरची पहिली बारीक शीळ त्याच उंच पट्ट्यात असते, जाड घरघर नंतर येते. तेव्हा चार-पाच वर्षं उघड्या कानांनी रबिंग मारलेल्या पोराला मशीनचा आजार पहिल्या दिवशी ऐकूच येत नाही. त्याला तो कळतो हाताला मुंग्या आल्यावर. फोमचे कानातले बोळे काही रुपयांना मिळतात. गाडीवर काम करताना ते कानात असावेत, आणि संध्याकाळी पॅड उतरवून, जाळीत हवा मारून मशीन अर्धा मिनिट नुसतं फिरवताना काढून ठेवावेत.